खुर्चीची बैठक

महिनाभर इथे काही लिहिले नाही, तेव्हा ‘आत्या, तब्येत बरी आहे ना?’ असे दोन-तीन फोन येऊन गेले. तब्येत ठणठणीत आहे. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे हे नात्यातल्या मंडळींना ठाऊक आहेच. मुलुंडमध्ये सध्या गल्लोगल्ली हेच चालले आहे. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा म्हणजे रोज दहा गोष्टी हातात घ्यायच्या, त्यातल्या आठ परत जागेवर ठेवायच्या आणि दोन मोठ्या जड मनाने टाकायच्या. हे काम बरे चालले होते. अडले ते एका वस्तूपाशी. अण्णांची खुर्ची!

ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको. बाकीच्यांसाठी सांगते. सागवानी, दोन हातांची, रुंद पाठीची खुर्ची. बैठक लाकडाचीच. वेत नाही, गादी नाही. चांगली जाड फळी, आणि तिच्यात बसणाऱ्याच्या आकाराचा खळगा कोरलेला. पुढच्या बाजूला दोन मांड्यांच्या मध्ये एक हलकासा उंचवटा. लहानपणी आम्ही भावंडे त्या उंचवट्याला ‘डोंगर’ म्हणायचो आणि खळग्यात गोट्या सोडायचो. कुठूनही सोडली तरी गोटी फिरून फिरून एकाच जागी थांबायची.

या बैठकीला मध्यावर चीर गेली आहे. मुलगा म्हणाला, ‘आई, भाड्याच्या घरात ही ठेवणार कुठे?’ सून म्हणाली, ‘निदान दुरुस्त तरी करून घेऊ.’ म्हणून एका सुताराला बोलावले. तरुण मुलगा, हुशार, हातात विजेची यंत्रे. त्याने खुर्ची उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘बैठक काढून टाकतो, प्लाय बसवतो, वर सनमायका. अर्ध्या तासाचं काम आहे.’ त्याचे चुकले असे नाही. पण मला एकदम कसेसेच झाले. मी म्हटले, राहू दे.

रात्री विचार करत पडले. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांचे १६७४ च्या राज्याभिषेकाचे सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासदाची बखर सांगते, आणि ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही पाठ असायचे. पण ज्या लाकडी खुर्चीत बसून मी हे शिकवत होते, ती कोणी केली, कशी केली, आणि मुळात मला बसायला खुर्ची आणि मुलांना बाक हे कधी सुरू झाले, यातले मी एकदाही सांगितले नाही. पाठ्यपुस्तकात नव्हते, हे खरे. पण मलाही कधी सुचले नाही. तर आज ती राहिलेली शिकवणी.

सुरुवात घराजवळून करू. आमच्या शाळेची सहल हमखास जायची ती बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांना. डबे खायला मुले बसायची कुठे, तर लेण्यांतल्या दगडी ओट्यांवर. भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांत भिंतीला लागून असे ओटे आहेत. अकराव्या लेण्याला लोक ‘दरबार’ म्हणतात, तिथे तर दालनाच्या मध्ये समोरासमोर दोन लांबलचक ठेंगणे बाक आहेत. हे बाक कोणी आणून ठेवलेले नाहीत. भोवतालचा काळा दगड छिन्नीने काढून टाकला आणि तेवढा भाग शिल्लक ठेवला. आपल्या उपनगरातली टिकून राहिलेली फार जुनी आसने ही. तिथल्याच काही शिल्पांत बुद्ध पाय खाली सोडून आसनावर बसलेले दिसतात. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. मुले हमखास विचारायची, ‘बाई, तेव्हा खुर्ची होती?’ खुर्ची हा शब्द पुढे अरबीतून, फारशीमार्गे आपल्याकडे आला. पण उंच आसनावर पाय सोडून बसणे आपल्याला नवे नव्हते. ते सगळ्यांच्या वाट्याचे नव्हते, एवढेच.

आणि आसन कोरणाऱ्यांचे काय? इतिहासात त्यांची नावे बहुधा राहत नाहीत. एक मात्र राहिले आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावचा वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दर्शनी दाराचे काम केले, असे त्यात म्हटले आहे. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला बढई तोच. त्याच चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी आजही आहेत. राजांची नावे पाठ करून घेताना मी या सामीचे नाव फळ्यावर लिहायला हवे होते, असे आता वाटते.

पुढे आपल्या घरांत आसन म्हणजे पाट. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, झाले. कोकणात पुष्कळदा फणसाचा, श्रीमंताघरी शिसवी, चांदीची फुले ठोकलेला. पाट अगदी सपाट असतो, हे लक्षात घ्या. मांडी घालून बसले की वजन मांड्यांवर पसरते, खळग्याची गरज नसते. त्यामुळे पाटाला माप नसते. आजोबा उठले की त्याच पाटावर नातू बसतो. पण माप नसले तरी मान असतो! पाहुण्याला पाट, जावयाला रांगोळी काढलेला पाट, मुंजीला पाट, लग्नाला पाट. आणि पंगत उठल्यावर बायका जेवायला बसायच्या त्या कशावर, हे माझ्या वयाच्या बायकांना विचारा.

गावच्या सुताराचे मुख्य काम या वस्तू करण्याचे नव्हतेच. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवेल, बलुतेदारांत सुताराचा मान मोठा, कारण नांगर, कुळव, तिफण, गाडा हे सारे त्याच्या हातून व्हायचे, आणि त्याबद्दल त्याला सुगीला धान्य मिळायचे. पाट, पाळणा, देव्हारा हे मधल्या वेळातले काम. खुर्ची तर नाहीच. गावात खुर्चीवर बसणार कोण?

दरबारातही बसायचे ते बिछायतीवर. १७९० साली इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने पुण्यात पेशव्यांशी टिपू सुलतानाविरुद्धचा तह केला. त्या दरबाराचे मोठे चित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवले. त्यात गोरे पाहुणे आपल्या लोकांसारखे खाली बसलेले दिसतात. डॅनियलने ते काढले जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून. हा वेल्स १७९५ मध्ये वारला तो आपल्या साष्टी बेटावर, लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना. म्हणजे गोष्ट फिरून कान्हेरीच्या आसपासच आली! असो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि बसण्याचे नियम उलटे झाले. आता साहेब खुर्चीत आणि समोरचा उभा. कोणा हिंदी गृहस्थाला साहेबासमोर खुर्ची मिळावी याचीही गणती होऊ लागली. उत्तर हिंदुस्थानात तर ‘कुर्सीनशीन’ म्हणजे खुर्चीचा मानकरी असल्याचे दाखले दिले जात. चार पायांचे एक लाकूड, पण त्याचा दाखला! आणि त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांना वर्गात वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे, तेही घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. ते तरट शाळेचा झाडणारासुद्धा हाताने शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. हे मी वर्गात सांगत असे, आणि सांगताना प्रत्येक वेळी मी खुर्चीतून उठून उभी राहत असे. का, ते मला तेव्हा कळत नव्हते.

आता मुंबईकडे येते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत साहेब आले, पारशी-गुजराती व्यापारी श्रीमंत झाले, बंगले उठले, आणि खुर्च्या-कोच-गोलमेजांना एकदम मागणी आली. त्यातून ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ नावाने जगभर ओळखला गेलेला शिसवी सामानाचा प्रकार जन्माला आला. फोर्टातली मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, ही त्यासाठी प्रसिद्ध. घाट युरोपातला, हात आपल्या कारागिरांचे. खुर्चीच्या पाठीवर वेली, पाने, फुले अशी आरपार जाळीदार कोरलेली की लाकूड आहे की लेस असे वाटावे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातही हे सामान गेले होते. पुढे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली आणि १८९१ मध्ये तिथे लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांत लाकूडकामाचेही शिक्षण होते. जे बापाकडून मुलाकडे जायचे ते आता शाळेतही शिकवले जाऊ लागले.

पण या सगळ्या नक्षीदार खुर्च्यांत एक गंमत आहे. नक्षी पाठीला, हातांना, पायांना. बैठक बहुधा वेताची नाहीतर गादीची. आपल्या दमट हवेत वेत बराच, वारा लागतो. हा वेतही पूर्वेकडून जहाजांनी सतराव्या शतकात इंग्लंडला गेला आणि तिकडच्या खुर्च्यांत शिरला. इराण्याच्या हॉटेलातली ती काळी वाकवलेली खुर्ची आठवते? तिचा मूळ पुरुष म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची. बीच नावाचे लाकूड वाफेने मऊ करून वाकवायचे, सगळी मिळून सहाच तुकडे, आणि बैठक वेताची. सुटे तुकडे भरले की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. अशी खुर्ची एका माणसाची नसतेच. चहा पिऊन उठायचे, दुसरा बसतो.

अख्ख्या लाकडात बैठक कोरायची रीत प्रामुख्याने इंग्लंडमधल्या विंडसर खुर्चीची. तिकडे हाय विकम नावाच्या गावात घरोघरी हेच काम चाले. १८७० च्या दशकात तिथे रोज चार हजारांवर खुर्च्या होत. फळी एल्म झाडाची. ती जमिनीवर ठेवून, दोन्ही पायांनी दाबून धरून, उभ्याने वाकसाचे घाव घालत खळगा काढायचा. नुसता हेच काम करणारा वेगळा कारागीर असे. असल्या खुर्च्या साहेबांबरोबर इकडच्या कचेऱ्यांत आल्या, आणि त्यातलीच एक आमच्या अण्णांच्या डोळ्यात भरली.

अण्णा एका कचेरीत कारकून. आम्ही तेव्हा घाटकोपरला भटवाडीत चाळीत राहायचो. घरात वेताची एक खुर्ची होती आणि तिच्या भोकाभोकांत ढेकूण! दर रविवारी तिला गॅलरीत नेऊन उकळते पाणी ओतायचे, उन्हात ठेवायची, की मंगळवारी परत सैन्य हजर. अण्णांनी कचेरीत जुन्या साहेबाची लाकडी बैठकीची खुर्ची पाहिली होती. साहेब केव्हाच गेला, खुर्ची राहिली. एकदा कोणी नसताना ते तिच्यात बसले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, ‘अगं, लाकडाची आहे, पण गादीपेक्षा बरी वाटते.’ १९६२ साल ते. बोनसचे पैसे हातात होते. मी अकरा वर्षांची.

आमच्या गावाकडचे एक मेस्त्री भांडुपला राहायचे. (मेस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मेस्त्र म्हणजे उस्ताद.) त्यांनी वखारीतून जुन्या तुळईचा बर्मा साग आणला. एका फळीत अठरा इंच रुंदी मिळेना, म्हणून दोन फळ्या सरस लावून जोडल्या. सरस तापवल्याचा वास अजून नाकात आहे, आणि शेजारच्या वहिनींनी नाकाला लावलेला पदरही. चाळीच्या चौकात तरट टाकून काम सुरू झाले. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे मी सगळे पाहिले.

फळी दोन इंच जाड. मेस्त्रींनी पेन्सिलीने कडेचा घेर आखला. गिरमिटाला चिंधी बांधली आणि चिंधी टेकेपर्यंत चार-पाच भोके पाडली. ‘इथपर्यंत खाली जायचं, पुढे नाही,’ म्हणाले. सर्वांत खोल जागा मध्यावर नव्हे, मागच्या कडेपासून पाच-सहा इंचांवर, बसायची दोन हाडे टेकतात तिथे. खोली पाऊण इंच. मग ते जमिनीवर बसले, फळी दोन्ही पायांच्या तळव्यांनी आवळून धरली आणि वाकस घेतला. वाकस म्हणजे आखूड दांड्याचे, कुदळीसारखे आडव्या पात्याचे हत्यार. चुकले तर पायाची बोटे जातील. पण घाव असे मोजून पडायचे की आम्ही मुले मनातल्या मनात अंक म्हणायचो. लाकडाच्या रेषेला आडवे घाव, कडेकडून मध्याकडे. उलट मारले तर रेषा उचकटते आणि ढलपी नको तिथवर जाते. पहिला दिवस नुसत्या ढलप्यांचा. त्या आईने बंबासाठी गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी गोल पटाशी. वाकसाचे घाव मिटवत ती बारीक सळसळ करत फिरायची. तिसऱ्या दिवशी ती गंमत, जी आठवून आम्ही वर्षानुवर्षे हसलो. मेस्त्रींनी खळग्यात कोरडा गेरू चोळला आणि अण्णांना म्हणाले, ‘बसा.’ चाळीतल्या यच्चयावत मंडळींसमोर अण्णा जुना पायजमा घालून गंभीरपणे बसले. उठले तेव्हा पायजम्यावर लाल नकाशा! जिथला गेरू उतरला तिथे लाकूड टोचते आहे, तिथे आणखी काढायचे. परत गेरू, परत बसा. असे सात-आठ वेळा. मग तळाला बाक असलेला बोटभर रंधा, तो त्यांनी स्वतःच केलेला. मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडणे, काचकागद, आणि शेवटी जवसाचे तेल. चार दिवसांनी खुर्ची उभी राहिली. अण्णा बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. मेस्त्रींनी चहा घेतला तो तरटावर बसून. त्यांना ‘बसून बघा’ असे कोणी म्हटले नाही. मीही नाही.

त्याच वर्षी सुरू झालेला ‘महाराष्ट्र टाइम्स’ अण्णा रोज तिच्यात बसून वाचायचे. चोवीस वर्षे, १९८६ मध्ये ते गेले तोवर. त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यात दुसरे कोणी बसत नसे. तसा नियम कोणी केला नव्हता, पण होता.

आईचे आसन वेगळे. माहेरून, मालवणकडून आलेला तिचा आडाळो. फणसाच्या लाकडाचा, पुढे उभे पाते, टोकाला नारळ खवायचे दात. त्यावर बसून तिने मासे चिरले, नारळ खवले, आम्हाला पाढे म्हणायला लावले. पन्नास वर्षांत त्याच्याही लाकडाला खळगा पडला. तो कोणी कोरला नव्हता. तो बसून बसून पडला.

अण्णा गेल्यावर मी तिला कितीदा म्हटले, ‘आई, गुडघे दुखतात ना, खुर्चीत बसत जा.’ ती म्हणायची, ‘मला नाही जमत त्यात. खळगा त्यांच्या मापाचा आहे.’ आणि स्टूल ओढून घ्यायची. २००४ मध्ये ती गेली, तोपर्यंत हेच उत्तर. मला राग यायचा. मी शाळेत मुलींना समानता शिकवणार आणि माझी आई नवऱ्यामागेही त्याच्या खुर्चीचा धाक बाळगणार! तिच्या त्या वाक्यावर मी मनातल्या मनात एक आख्खा निबंध लिहून टाकला होता. शीर्षकासकट.

आता परत चिरेकडे. प्लायवाल्या मुलाला परत पाठवल्यावर भाच्याने खटपट करून एक वयस्क मेस्त्री शोधले. माझ्याच वयाचे, काम सोडून दहा वर्षे झालेली. मुलगा याच धंद्यात आहे, पण त्याला ही हत्यारे लागत नाहीत, म्हणून पिशवी माळ्यावर होती. ती घेऊन आले. त्यांनी बैठक सुटी केली. जुना सरस सुकून गेला होता, बाकी लाकूड ठणठणीत. सांधा साफ करून, नवा गोंद भरून, दोरीने आवळून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला डमरूच्या आकाराच्या दोन सागवानी किल्ल्या बसवल्या, म्हणजे पुन्हा उकलायचे नाव नको. मग मला म्हणाले, ‘बाई, बसणार कोण यात?’ मी म्हटले, ‘मीच.’ ‘मग माप बघून घेऊ.’ आणि पिशवीतून काय काढावे? गेरूची पुडी! साठ वर्षांनी तीच लाल पूड पाहून मला हसू आवरेना.

जुने पातळ नेसून बसले. उठल्यावर दोघांनी पाहिले. गेरू उतरला होता तो खळग्यात नव्हेच, खळग्याच्या दोन्ही बाजूंच्या चढावर. मेस्त्री म्हणाले, ‘तुमची हाडं बाहेर पडतात. ही पुरुषमाणसाची बैठक आहे. बाईमाणसाला यात टोचणारच, कितीही पॉलिश करा.’ बाईच्या कटीची हाडे रुंद असतात, बसायच्या दोन हाडांत अंतर जास्त असते, हे शाळेच्या शरीरशास्त्रात आम्हीच शिकवतो. पण खुर्चीशी त्याची सांगड कोणी घालते का?

मी त्या लाल डागांकडे पाहत राहिले. आई खरेच सांगत होती. मानापमानाचे नाही, धाकाचे नाही, लाकडाचे सांगत होती. खळगा त्यांच्या मापाचा आहे. त्यात ती टोचून घ्यायला तयार नव्हती, इतकेच. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बसून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. म्हणजे आई बसली होती! अण्णा कचेरीत आणि आम्ही शाळेत असताना, कधीतरी, एकदा की दहादा कोण जाणे. अण्णाही साहेबाच्या खुर्चीत असेच, कोणी नसताना बसले होते. त्यांना ती आवडली म्हणून घरी आली. हिला नाही आवडली, आणि तिने तसे स्वच्छ सांगितले. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे मुलांना शिकवणाऱ्या मी तेवढे ऐकून घेतले नाही.

मेस्त्री म्हणाले, खाली सव्वा इंच लाकूड आहे, खळगा रुंद करता येईल. इतिहासाच्या बाईंनी दोन दिवस घेतले. जुना दस्तऐवज खोडावा का? शेवटी वाटले, खुर्ची माळ्यावर गेली तर तो दस्तऐवज कोण वाचणार? ‘करा’ म्हटले. अण्णांचा खोल भाग त्यांनी तसाच ठेवला आणि दोन्ही बाजूंचे चढ पटाशीने उतरवले. आमच्या गच्चीवर दोन दिवस पुन्हा ती सळसळ ऐकली. नातीने शेजारी बसून ढलप्या गोळा केल्या.

काम झाल्यावर मी म्हटले, ‘मेस्त्री, आधी तुम्ही बसा.’ ते लाजले. मग बसले, हातांवर हात ठेवले, आणि कारागिराच्या आवाजात म्हणाले, ‘चढ ठीक आहे.’ मग मी त्यांना खुर्चीच्या खाली आपले नाव लिहायला लावले. त्यांनी पेन्सिलीने नाव आणि साल लिहिले. त्याच्या वर मी भांडुपच्या मेस्त्रींचे नाव आणि १९६२ लिहिले. सामी वढकीला दगड मिळाला होता, यांना निदान फळीची खालची बाजू.

खुर्ची भाड्याच्या घरात येणार. आडाळोही येणार. हा लेख तिच्यातच बसून लिहिला आहे. टोचत नाही.

तुमच्या घरी जुनी खुर्ची, पाट, आडाळो असेल तर एकदा उलटा करून खालची बाजू बघा. काही लिहिलेले सापडले तर मला जरूर कळवा. आणि नसेल, पण कोणी केला ते घरात अजून कोणाला आठवत असेल, तर आजच लिहून ठेवा.